बाबांचा अर्ज

आई गेल्यावर बाबा गल्लीतल्या कुत्र्यांना पोळ्या घालू लागले असं शेजारचे सांगतात. ते खरं नाही. पोळ्या ते आधीपासूनच घालायचे, फक्त तेव्हा हिशेब आईच्या हातात होता. नंतर डबाच्या डबा बाहेर जायला लागला आणि त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गल्लीत कुरबूर सुरू झाली. त्यातच २०२२ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश आला. मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर त्यांना रीतसर दत्तक घ्या, महापालिकेत नोंदवा आणि घरात नेऊन घाला. रस्त्यावर घातलं तर २०० रुपयांपर्यंत दंड. समोरच्या काकांनी पेपरातलं ते कात्रण आमच्या फाटकाच्या फटीतून आत सरकवलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पण त्या बातमीचं कात्रण काही कोणी सरकवलं नाही.

बाबा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. स्थगिती आली तरी 'दत्तक' हा शब्द त्यांच्या डोक्यातून गेला नाही. कधीतरी जेवताना म्हणायचे, "बेटा, एक रीतसर घेऊनच टाकावं म्हणतो." मी मनीषनगरला राहते, नवरा, मुलगा, नोकरी, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी "पाहू" म्हणायचे. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं, स्टेंट पडला, डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं, आणि एकट्याने चालायचा त्यांना कंटाळा. तेव्हा मात्र मी शेल्टरला, म्हणजे बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्याला, फोन लावला.

गल्लीतलंच एखादं घरात का घेतलं नाही, असं बरेच जण विचारतात. गल्लीतल्या कुत्र्यांना घर नको असतं. लालू म्हणून त्यांचा म्होरक्या होता, तो बाबांच्या हातची पोळी खायचा, पण फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही. नसबंदी करून, रेबीजची लस टोचून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असं २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात, त्यामागे हाही एक विचार आहे. त्याची जागा ठरलेली असते. आम्हाला हवं होतं ते घरात राहिलेलं आणि घर हरवलेलं कुत्रं. तशी कुत्री शेल्टरमध्येच असतात.

शहराबाहेर असं शेल्टर चालवणारी एक छोटी संस्था आहे, दोन-चार जणांच्या पदराला खार लावून चालणारी. फोनवर तिथल्या ताईंनी पहिल्यांदा बाबांचं वय विचारलं. बहात्तर म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पिल्लू देता येणार नाही." बाबा शेजारीच बसून ऐकत होते, स्पीकर सुरू होता. त्यांचा चेहरा असा पडला, की मला ताईंचा रागच आला. पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी तोवर कधी मनात आणलं नव्हतं. गावठी कुत्रं घरात नीट सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं सहज काढतं. म्हाताऱ्या माणसाचं कुत्रं त्याच्या मागे राहिलं, की घरचे तेरावं होईपर्यंत सांभाळतात. चौदाव्या दिवशी संस्थेला फोन येतो.

"त्यामुळे दोन गोष्टी," त्या म्हणाल्या. "मोठं कुत्रं घ्या. आणि तुमच्या वडिलांच्या सहीखाली तुमची सही लागेल. नुसती साक्षीदार म्हणून नाही, जबाबदार म्हणून."

मग व्हॉट्सॲपवर अर्ज आला. तो पूर्ण इंग्रजीत होता, ही माझी संस्थेबद्दलची एक तक्रार आहे आणि ती मी त्यांना तोंडावर सांगितली आहे. नागपुरात ज्यांच्याकडे अंगण आहे, वेळ आहे आणि जीव लावायची तयारी आहे, त्यांतले अर्धे लोक इंग्रजी अर्ज पाहूनच मागे फिरतील. मी एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवला आणि बाबांनी फूलस्केप कागदावर उत्तरं लिहिली. घर स्वतःचं की भाड्याचं. कुत्रं दिवसातून किती तास एकटं राहील. रात्री कुठे झोपेल. गावाला गेलात तर कोणाकडे. घरात कोणाचा विरोध आहे का. याआधी कुत्रं होतं का, आणि ते कसं गेलं.

या शेवटच्या प्रश्नावर बाबांनी अर्धं पान लिहिलं. त्यांच्या लहानपणी खापरखेड्याला मोती नावाचा कुत्रा होता. तो वारला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता, एवढंच त्यांना आठवत होतं. त्याला कुठली लस कधी टोचली होती का, असा ताईंचा प्रश्न आला. त्या काळी कोण टोचत होतं! आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवणाऱ्या माणसाचा अर्ज दोनदा त्रुटी निघून परत आला. माझा मुलगा त्यावर अजून हसतो.

शेल्टरमध्ये पाऊल टाकलं की आधी फिनाईलचा वास येतो आणि लगेच आवाज अंगावर येतो. शंभर कुत्री एकदम भुंकतात तेव्हा सोबतच्या माणसाशी खुणेनेच बोलावं लागतं. एका बाजूला मोठ्या गंजात भात, हळद आणि कोंबडीचे पाय शिजत होते. पिल्लांचा कप्पा वेगळा, त्याला कुलूप आणि दारात ब्लीचच्या पाण्याने भिजवलेलं पोतं. पार्व्हो या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतो, चपलेच्या तळव्याला चिकटून एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जातो, आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू रक्ताच्या जुलाबाने दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. म्हणून पिल्लांना हात लावायची बंदी होती. बाबा जाळीबाहेरूनच बराच वेळ पाहत राहिले.

पिल्लू मिळणार नाही हे त्यांना पटलं ते मात्र ताईंच्या बोलण्याने नाही. त्यांच्या हातावर कुठेतरी खरचटलं होतं आणि त्याभोवती जांभळा डाग पसरला होता. स्टेंटनंतर रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सुरू होत्या. पिंजरे साफ करणाऱ्या दादांनी तो डाग पाहिला आणि कारण विचारलं. मग म्हणाले, "मंग पिल्लू नका नेऊ जी. त्याचे दात म्हंजे सुया. दिवसभर हात चावते ते. तुमचं रक्त थांबनार नाही."

त्या दिवसापासून माझं ठाम मत झालं आहे, की शेल्टरमध्ये गेल्यावर आधी गाठायचं ते घाण काढणाऱ्या माणसाला. संस्थेच्या फेसबुक पानावर प्रत्येक कुत्रं 'प्रेमळ आणि खेळकर' असतं. कोण ताटलीवर गुरगुरतं, कोण विजेच्या कडकडाटाला घाबरून पिंजऱ्याची जाळी चावतं, कोण बाईमाणसाजवळ जातं पण टोपी घातलेल्या पुरुषाला पाहून थरथरतं, हे दादांना माहीत होतं. बाबांना एक झुपकेदार शेपटीचा हस्की, म्हणजे बर्फाळ प्रदेशातल्या जातीचा कुत्रा, आवडला होता. कोणीतरी हौसेने हजारो रुपये मोजून घेतलेला आणि एसीचं बिल पाहून सोडलेला. नागपूरच्या मे महिन्यात हस्की! दादांनी मान हलवली. "त्याले नका पाहू. तो तुमाले ओढत फुटाळा तलावापर्यंत नेईन. इकडे या, इले पाहा."

ती कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात मागच्या भिंतीला टेकून बसली होती. पिवळसर रंग, पुढचे पाय पांढरे, डाव्या कानाला खाच. भुंकत नव्हती, उठून आलीही नाही. नाव चिमणी, आणि वजन अठरा किलो. कानाला खाच म्हणजे कधीतरी रस्त्यावर होती आणि नसबंदी झाली होती. पण तिला 'बैस' कळत होतं आणि पट्टा पाहिला की ती उठून उभी राहायची, म्हणजे मधली काही वर्षं कुणाच्या तरी घरात गेली होती. एका सकाळी ती संस्थेच्या फाटकाला बांधलेली सापडली, जवळ पिशवीत तिची ताटली. दातांवरून डॉक्टरांनी वयाचा अंदाज पाच ते सात असा लिहिला होता. "हिचं सर्व्हिस बुक मिळायला पाहिजे होतं," बाबा म्हणाले.

जनावराला असं उपाशी-तहानलेलं राहायची वेळ येईल अशा प्रकारे सोडून देणं हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. रक्कम तेव्हापासून तशीच आहे. सीताबर्डीवर तर्री पोहे खायला गेलात तरी दोन प्लेटांत तेवढे संपतात.

लगेच घरी न्यायची परवानगी नव्हती. आधी येत जा, बसत जा, असं सांगितलं. पहिल्या भेटीत बाबा पिंजऱ्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले. पुढच्या वेळी दादांनी दार उघडलं. चिमणी बाहेर आली, बाबांच्या चपला हुंगून परत आत गेली. नंतर कधीतरी आवारात पट्ट्याने फिरणं झालं. ती ओढत नाही, बाबांच्या चालीने चालते, आणि बाबा थांबले की थांबते, हे सगळ्यांनी तेव्हा पाहिलं. ताईंनी त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलं.

मग घरतपासणी. कॉलेजात शिकणारी एक कार्यकर्ती स्कूटीवरून आली. चहा नको म्हणाली आणि थेट फाटकापाशी बसून खालची फट वीतीने मोजली. पाण्याच्या टाकीचं झाकण हलवून पाहिलं. अंगणातली कण्हेर पाहून म्हणाली, "काका, ही काढावी लागेल, विषारी असते." ती आईने लावलेली होती. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. शेवटी बाबांनीच मार्ग काढला आणि कण्हेर उकरून गच्चीवर कुंडीत गेली, जिन्याला दार आहे. उंदरांच्या गोळ्या स्वयंपाकघरातून गेल्या. कांदा, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला चालत नाहीत हे तिने लिहूनच दिलं. सत्यनारायणाच्या प्रसादातले बेदाणेसुद्धा नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ ती कूलरपाशी थांबली. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. लोखंडी बॉडी, आत पाण्याचा पंप, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि तहानलेलं कुत्रं जीभ लावतं ते नेमकं कूलरखाली गळणाऱ्या पाण्याला. इलेक्ट्रिशियन आणून अर्थिंग करून घ्या, मगच कुत्रं, असं ती म्हणाली. कित्येक वर्षं मी बाबांना हेच सांगत होते. माझं ऐकलं नव्हतं, चिमणीसाठी दुसऱ्या दिवशी माणूस आला.

करारनामा साध्या कागदावर होता. विकणार नाही. दिवसभर बांधून ठेवणार नाही. पत्ता बदलला तर कळवीन. दरवर्षी रेबीजची लस टोचीन. सांभाळणं जमलं नाही तर दुसऱ्या कोणाला न देता संस्थेकडेच परत आणीन. महापालिकेत नोंदणी करीन. आणि शेवटी वेगळ्या अक्षरात, हाताने लिहिलेलं: अर्जदार आजारी असल्यास, बाहेरगावी असल्यास किंवा हयात नसल्यास खालील व्यक्ती या प्राण्याला स्वतःच्या घरी ठेवील. खाली माझं नाव. बाबांसमोर बसून त्या ओळीखाली सही करणं सोपं नव्हतं. त्यांनीच पेन पुढे केलं आणि म्हणाले, "कर बेटा, वारसाची नोंद वेळेवर झालेली बरी." संस्थेने पैसे घेतले नाहीत. बाबांनी तांदळाचं पोतं नेऊन टाकलं.

घरी आल्यावर चिमणी दिवाणाखाली शिरली ती शिरलीच. खाल्लं नाही, अंगणात गेली नाही. तीन दिवस भीती ओसरायला, तीन आठवडे घरातली शिस्त कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला, असा एक ढोबळ हिशेब हे काम करणारे लोक सांगतात, आणि आमच्याकडे तो बराचसा जुळला. या काळात नातेवाइकांना कुत्रं दाखवायला बोलावू नका, आंघोळ घालू नका, जवळ ओढू नका अशी ताकीद होती. पट्टा दुहेरी, एक गळ्यात आणि एक छातीवरून, कारण नवीन कुत्रं पळतं ते पहिल्या दिवसांतच. बाबा रोज दिवाणाजवळ चटई टाकून पेपर मोठ्याने वाचायचे. आधी अग्रलेख, मग निधनवार्ता. त्यातलं तिला काय कळलं देव जाणे, पण एका दुपारी तिने चटईच्या टोकावर येऊन दूधपोळी खाल्ली आणि पुन्हा आत जाऊन बसली. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. उचलला.

पावसाळ्यात तिने खाणं सोडलं. हिरड्या पांढुरक्या, अंग तापलेलं. सेमिनरी हिल्सवरच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या रांगेत पुढे एक शेळी, मागे कोणाचं तरी वासरू, आणि मध्ये चिमणीला मांडीशी धरून बाबा. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स उतरलेल्या. गोचीड ताप. नागपूरकरांना प्लेटलेट्स म्हटलं की डेंग्यू आठवतो. बाबांनी लगेच पपईच्या पानांचं विचारलं. डॉक्टर हसले आणि गोळ्या लिहून दिल्या. वेळेत नेलं म्हणून निभावलं. तेव्हापासून फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचीड शोधायचा कार्यक्रम रोज असतो. शेल्टरमधून किंवा रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याचं रक्त पहिल्या महिन्यातच एकदा तपासून घ्या, कोणी सांगो न सांगो.

उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं. एप्रिलपासून फिरणं पहाटे, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. डांबरावर हाताची उलटी बाजू काही क्षण टेकवायची. आपल्याला सोसवलं नाही तर तिच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर दोघंही दिवसभर कूलरसमोर ओल्या पोत्याशेजारी पडून असतात. त्या कूलरला आता अर्थिंग आहे.

माझ्या सहीची वेळ आली ती बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळ्याला धक्का नको. चिमणी माझ्याकडे आली. लिफ्टचं दार आपोआप मिटताना पाहून ती बसली ती उठेना. तिन्ही मजले आम्ही जिन्याने. दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "वहिनी, आपल्याकडे कुत्रा अलाउड नाही, मीटिंगमध्ये ठराव झालेला आहे." मी त्यांना भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना मोबाइलवर दाखवल्या. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. ते म्हणाले, "हे दिल्लीचं असेल." मी म्हटलं देशाचं आहे. मग ते घाणीवर आले. तिथे त्यांचं बरोबर होतं, आणि मी रोज पिशवी घेऊन खाली जायचे तेव्हा ते बाल्कनीतून पाहत असत. पट्टी निघून बाबा चांगले हिंडूफिरू लागेपर्यंत हे चाललं. माझा मुलगा तेवढ्यात तिला गादीवर झोपायला शिकवून बसला, ते निस्तरायला बाबांना पुढे बराच त्रास झाला.

संस्था अजूनही फोटो मागते. करारात दर महिन्याला एक असं आहे. बाबा रोज पाठवतात. ताईंनी एकदा मलाच फोन करून हळूच विचारलं, की काकांना जरा कमी पाठवायला सांगता येईल का.

बाबांच्या सकाळच्या फिरण्यातले एक मित्र आहेत, पंच्याहत्तरचे, पत्नी गेलेली. चिमणीला पाहून त्यांनाही हवं आहे. अर्ज बाबांनीच मराठीत करून दिला. आता संस्थेकडे मराठी अर्ज आहे तो हाच, बाबांच्या अक्षरातला, झेरॉक्स काढून. दादांनी त्यांच्यासाठी एक शांत काळा कुत्राही हेरून ठेवला आहे. पण दुसरी सही नाही. मुलगा बंगलोरला असतो, फोनवर "पाहू" म्हणतो. बाबांना ते "पाहू" चांगलंच ओळखीचं, म्हणून त्यांनी ताईंना विचारलं, की जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांनी स्वतःच सही केली तर चालेल का. ताईंनी वय विचारलं. त्र्याहत्तर. "नाही चालणार, काका." अर्ज त्रुटीत पडला आहे, आणि बाबा रोज सकाळी चालताना त्या मित्राला बंगलोरचा नंबर फिरवायला लावतात.